धरण सुटलं की मासा जातो कुठे? विसर्ग, पाण्याचे थर आणि खालच्या नदीतली मासेमारी

डोहकरी

गळ टाकणाऱ्यांच्या गप्पांत "धरण सुटलंय, आज काही लागायचं नाही" हे वाक्य हमखास येतं. लगेच दुसरा म्हणतो, उलट पाणी वाढलं की मासा चरायला निघतो. दोघंही तितकेच ठाम आणि माझ्या मते दोघंही अर्धवट. नुसतं "पाणी सुटलं" म्हणून काहीच कळत नाही. किती सुटलं, किती वेळात वाढलं, कुठल्या दारातून आलं आणि कुठल्या महिन्यात आलं, एवढं विचारल्याशिवाय माशाबद्दल बोलण्यात अर्थ नाही. बातमीत मात्र यातला एकच आकडा असतो, क्यूसेकचा, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सुटलं त्याचा.

धरणातलं पाणी नदीत यायच्या वाटा मोजक्याच. जलाशय भरला की सांडव्यावरून. वीज हवी असते तेव्हा वीजगृहातून. शेतीसाठी, पिण्यासाठी सोडायचं तर विमोचकातून, म्हणजे धरणाच्या पोटातल्या दारातून. कालव्याचं पाणी नदीला बाजूला ठेवून जातं. त्यामुळे जिथे सगळा साठा कालव्यालाच लागतो, तिथे धरणाच्या पायथ्याशी पाझराखेरीज काही उरत नाही.

आता खोल जलाशयाचं बघा. उन्हाळ्यात वरचा थर तापतो, हलका होतो आणि वरच राहतो. वारा ढवळतो तो तेवढाच थर. खालचं गार, जड पाणी महिनोन्‌महिने पडून असतं. तिथे उजेड नाही, वरून हवा पोचत नाही, झाडपाला आणि मेलेलं शेवाळ खाली बसून कुजत राहतं. त्यात विरघळलेला प्राणवायू संपतो. तो संपला की गाळातलं लोह आणि मँगनीज पाण्यात उतरायला लागतं, हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. जुन्या धरणांत वीजगृहाचं आणि विमोचकाचं तोंड बऱ्याचदा याच थरात असतं. सांडव्यावरून येतं ते मात्र वरच्या थरातलं, उबदार पाणी. तेव्हा विसर्गाचा आकडा एकच असला तरी दोन दारांचं पाणी माशाच्या लेखी दोन वेगळ्या नद्यांचं.

खूण बघायची तर विमोचकाच्या खालच्या बाजूचा एखादा दगड उचला. वर काळपट-तांबूस पुट असतं, अंगठ्याने घासलं की सुटतं, आणि वास सडक्या अंड्याचा. दगड उलटा केला की खरी गोष्ट दिसते. जित्या नदीत दगडाच्या पोटाला वाळूच्या बारीक नळ्या चिकटलेल्या असतात, त्यात अळ्या असतात, चपटे किडे सरसर पळतात. इथे पोट साफ कोरं. जिथे हे किडे नाहीत तिथे त्यांच्यावर जगणारा लहान मासा नाही, आणि मोठा मासा फक्त वाट चुकूनच येणार.

जाणकारांनी भर घालावी. खास करून कुणी धरणाच्या बाजूने बोलणारं असेल तर हवंच आहे.

काठावरून

वाचनखूण साठवली. चांगला विषय. बऱ्याच दिवसांनी मासेमारीच्या धाग्यावर रीळ आणि रॉडच्या किमती सोडून काही वाचलं.

उलटी_गरी

मला वाटायचं माझ्या गळाला काही लागत नाही ते माझ्या हातगुणामुळे. आता जलसंपदा खात्यावर ढकलता येईल. आभारी आहे.

शेवाळ

डोहकरी, दगडाचं निरीक्षण चोख. पण किडे नसण्याला प्राणवायू हे एकच कारण नाही, आणि दुसरं कारण गळवाल्यांनी जास्त लक्षात ठेवावं असं आहे.

नदीतले पुष्कळ कीटक पाण्याच्या अगदी कडेला, दगडाच्या ओल्या भागावर अंडी घालतात. वीजगृह संध्याकाळी जोरात चालतं, रात्री मंदावतं. मग नदीला रोज भरती-ओहोटी. संध्याकाळी भरल्या पाण्याच्या कडेला घातलेली अंडी पहाटे उघडी पडतात आणि सकाळच्या उन्हात वाळून जातात. पाणी स्वच्छ आहे, प्राणवायू आहे, तरी नदी उपाशी.

अमेरिकेत कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणाखाली हे नीट अभ्यासलं गेलं. तिथे २०१८ पासून एक साधा प्रयोग केला. मे ते ऑगस्टमध्ये शनिवार-रविवारी विसर्ग कमी आणि स्थिर ठेवायचा. वीजेची मागणी त्या दोन दिवसांत तशीही कमी असते. कीटक त्या खालच्या पातळीला अंडी घालतात, आणि पुढचे पाच दिवस पाणी त्याहून वरच असल्यामुळे ती ओलीच राहतात. एकूण पाण्यात कपात नाही. फक्त वेळापत्रक हलवलं.

त्या धरणाचं आणखी एक. १९६३ साली दारं बंद झाली त्याआधी ती नदी गाळाने लाल असायची, हिवाळ्यात गोठायच्या बेताला आणि उन्हाळ्यात पंचवीस अंशांच्या वर. जलाशय भरल्यावर वर्षभर आठ-दहा अंशांचं निवळशंख पाणी. तिथला मूळचा हम्पबॅक चब हा मासा ऊब मिळाल्याशिवाय विणत नाही, त्याची संख्या घसरली. आणि बाहेरून आणून सोडलेला रेनबो ट्राउट त्याच गार पाण्यात फोफावला.

पाणकावळा

शेवाळताई, शेवटचं वाक्य महत्त्वाचं आणि ते तुम्ही जाता जाता टाकलंत. ट्राउटच्या गळमासेमारीसाठी जगभरातून लोक जातात त्यातल्या कित्येक नद्या धरणाखालच्याच आहेत. अमेरिकेतल्याच ग्रीन नदीवरच्या फ्लेमिंग गॉर्ज धरणाखाली सुरुवातीला पाणी इतकं गार यायचं की ट्राउटही धड वाढेना. १९७८ मध्ये तिथे वेगवेगळ्या खोलीवरून पाणी उचलायची सोय बसवली. तेव्हापासून तो पट्टा नावाजला गेला. मग धरणाने मासेमारी मारली असं सरसकट कसं म्हणायचं? एक मासेमारी गेली, दुसरी आली.

शेवाळ

सरसकट मीही म्हटलं नाही. पण आली ती मासेमारी कुणाची आणि गेली ती कुणाची, हेही बघा. ट्राउटवाला परवाना काढून हौसेने येतो. खालच्या अंगाला जाळ्यावर पोट असणाऱ्याचा मासा ट्राउट नसतो. उष्ण प्रदेशातल्या नद्यांत तर गार पाण्याने दुसरा कुठला मासा येऊन जागा भरतो असंही होत नाही. नुसती वाढ खुंटते आणि वीण चुकते.

ऑस्ट्रेलियात याला सरळ थंड पाण्याचं प्रदूषण म्हणतात. मरे कॉडसारखा मासा वसंतात पाणी तापलं की विणतो. नेमकं तेव्हाच शेतीसाठी मोठी धरणं तळातून सुटतात. मॅक्वायरी नदीवरच्या बरेंडाँग धरणात २०१४ मध्ये पाणी घ्यायच्या मनोऱ्याभोवती मोठा जाड पडदा सोडला, म्हणजे तळाचं पाणी अडतं आणि वरचं आत येतं.

बांधावरचा

सगळं वाचलं. मासे जगावेत, माझं काही म्हणणं नाही. पण आवर्तन, म्हणजे शेतीला पाळीने सुटणारं पाणी, लांबलं की इकडे उभं पीक वाळतं. पाणी माशाला सोडायचं की माणसाला, हा प्रश्न तुम्ही कुणीच घेतला नाहीत. शहरातून गळ घेऊन येणाऱ्याला रविवार मोकळा असतो, पिकाला नसतो.

सांडवा

बांधावरचा यांचा मुद्दा टाळण्यासारखा नाही. नोकरीची सगळी वर्षं दारांच्या आणि विसर्गाच्या हिशेबात गेली, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

जलाशय चालवताना डोळ्यांसमोर एक तक्ता असतो. कुठल्या तारखेला किती पातळी ठेवायची, किती जागा पुरासाठी मोकळी ठेवायची, येवा, म्हणजे वरून येणारं पाणी, किती धरायचा. पावसाळ्याच्या सुरुवातीला भरायची घाई नसते, शेवटी मात्र भरलेलं हवं असतं, कारण पुढचे आठ महिने त्यावरच काढायचे. येवा अचानक वाढला की दारं उघडावीच लागतात. तेव्हा खाली मासा आहे की नाही हा विचार कुणाच्या मनात येत नाही, आणि येऊही नये, कारण खाली गावं असतात. पाऊस सरल्यावर पिण्याचं, शेतीचं, उद्योगाचं, विजेचं असा क्रम लागतो. मासेमारीचं नाव त्या बैठकीत निघतं ते जलाशयातल्या ठेक्यापुरतं. खालच्या नदीतल्या मासेमाराला तिथे खुर्चीच नाही.

पण पीक की मासा असा सरळ सामना फार थोड्या वेळा असतो. एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, पाणी चोवीस तासांत सोडायचं तर साधारण ११,५७४ क्यूसेक लागतात. तेच दहा दिवसांत सोडलं तर साडेअकराशेच्या आसपास. शेतीला पोचणारं पाणी जवळपास तेवढंच, नदीसाठी मात्र जमीन-अस्मानाचा फरक. आणि मासे मरतात ते दार उघडताना क्वचित, बंद करताना जास्त. आवर्तन संपलं की एका झटक्यात दार खाली, कारण पाळी बदलायच्या आत काम उरकायचं असतं. पाणी पात्रातून ओसरतं, आणि कडेच्या खड्ड्यांत, गवतात, वाळूच्या खळग्यांत शिरलेली पिल्लं तिथेच अडकतात. दुसऱ्या दिवशी बगळे जमलेले दिसले की समजायचं, काल दार घाईत पडलं.

नॉर्वेत सामन आणि ट्राउटच्या पिल्लांवर प्रयोग झाले. पातळी तासाला दहा सेंटिमीटरपेक्षा हळू उतरवली तर पिल्लं अडकण्याचं प्रमाण खूप घटतं, असं दिसलं. आपल्या माशांना तोच आकडा लागू पडेल असं नाही. पण दार टप्प्याटप्प्याने खाली घ्यायला पाणी फारसं लागत नाही, माणूस मात्र दाराशी थांबावा लागतो.

बांधावरचा

हे पटलं. दार हळू बंद करायला माझी हरकत कशाला असेल? शेवटचं पाणी हळूहळू येत राहिलं तर शेपटाकडच्या, नदीतून पंपाने पाणी उचलणाऱ्या उपसावाल्याला बरंच आहे की.

नवखा_गळ

थोडा बाळबोध प्रश्न. मासा पाणी वाढल्यावर नेमकं करतो काय? म्हणजे गळ कुठे टाकायचा? तेवढं सांगा कुणीतरी. बाकीचं रात्री वाचतो.

खळाळ

घ्या, मुद्द्याचं.

पाणी हळू वाढत असेल तर मासा कडेला सरकतो. नव्याने बुडालेल्या गवतात गांडुळं, मुंग्या, टोळ आयते मिळतात. तेव्हा लांब फेकायचा मोह आवरायचा आणि पायाजवळ, काठाच्या सावलीत टाकायचं. पाणी उतरायला लागलं की तोच मासा मागे फिरतो, मधल्या धारेच्या कडेला, डोहाच्या तोंडाशी येऊन थांबतो. जिथे ओढा किंवा ओहोळ नदीला मिळतो तिथे उतरत्या पाण्यात खाणं वाहून येतं, ती जागा सोडायची नाही. आणि पाणी एकदम फुगलं की मोठ्या दगडाच्या मागे, काठाच्या खाचेत, बंधाऱ्याच्या आडोशाला. धारेत उभं राहून ताकद घालवायला मासा खुळा नाही.

आता एक बारकावा. वरून पाणी सुटल्यावर पातळी वाढल्याची लाट खाली येते ती खुद्द त्या पाण्यापेक्षा वेगाने. म्हणजे काठावर आधी पातळी वाढते, पण ते पाणी नदीतलंच जुनं, ढकललं गेलेलं. धरणाचं गार किंवा गढूळ पाणी मागाहून पोचतं. धरणापासून जितकं लांब तितकं हे अंतर जास्त. माझ्या मते "वाढत्या पाण्यात मासा चरतो" आणि "धरण सुटलं की मासा बंद" या दोन्ही म्हणी याच्यातच बसतात. पहिलीवाला लाटेच्या पुढच्या भागात गळ टाकून बसलेला असतो, दुसरीवाला मागच्या. साधा तापमापक दोरीला बांधून सोडत चला, पारा उतरायला लागला की गार पाणी पोचलं समजायचं. नंतर तळाशी, सावकाश, लहान आमिष. गारठलेला मासा पाठलाग करत नाही.

धरणाच्या अगदी पायथ्याशी वेगळा खेळ. वीजगृह चालू झालं की पात्यांतून आलेले अर्धमेले लहान मासे बाहेर पडतात आणि ते टिपायला मोठे जमतात. तिथे मासा आहे म्हणून लोक जातात आणि तिथेच माणसं मरतात. ८ जून २०१४ ला हिमाचलात बियास नदीत उतरलेले हैदराबादचे इंजिनिअरिंगचे २४ विद्यार्थी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले, हे विसरू नका. पात्रातल्या बेटावर किंवा पलीकडच्या खडकावर जाऊन बसायचं नाही. कोरडे दगड ओले व्हायला लागले, काडीकचरा आणि फेस वाहून यायला लागला, धारेचा आवाज जाडावला की गळ गुंडाळत बसू नका. गळ तिथेच टाकून वर यायचं. भोंगा वाजेल म्हणून थांबू नका. मी पाणी आधी आणि भोंगा नंतर असंही पाहिलं आहे.

नवखा_गळ

खळाळदादा, यातलं अर्धं तरी वहीत उतरवून घेतो. तापमापक आजच घेतो.

उलटी_गरी

नवखा, तापमापक घेशील, पण तो पाण्यात पडल्यावर काढायला गळ लागतो, तेवढा आपल्याकडे आहे ना बघ.

डोहकरी

खळाळ, लाटेची गोष्ट फार मोलाची सांगितलीत. आता माझा पुढचा प्रश्न. आजचा विसर्ग आज मासा लागेल की नाही ते ठरवतो. पण पाच-दहा वर्षांत नदीतला मासाच कमी होतो त्याचं काय? लोक जाळ्यांना, बारीक आसाला, सुरुंगाला दोष देतात. दोष आहेच. तरी मला वाटतं पाण्याच्या वेळापत्रकाने केलेलं नुकसान त्याहून मोठं आहे आणि ते कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही.

शेवाळ

इथे जरा सविस्तर लिहिते, कारण खरी मेख विणीत आहे.

रोहू, कटला, मृगळ हे मासे पावसाळ्यात चढत्या, गढूळ, वाहत्या पाण्यात विणतात. साचलेल्या तळ्यात कितीही खाऊपिऊ घाला, मादीच्या पोटात अंडी तयार होतात पण ती सोडत नाही. म्हणून तर एके काळी मत्स्यबीज पुराच्या नदीतूनच गोळा करावं लागायचं. १० जुलै १९५७ ला हिरालाल चौधरी यांनी ओडिशात दुसऱ्या माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची वीण घडवून आणली, आणि तेव्हापासून तळ्यातली मत्स्यशेती नदीवर अवलंबून राहिली नाही. ते इंजेक्शन काय करतं? नदीतला पूर जो निरोप देतो तोच निरोप सुईने देतं. नदीतल्या माशाला सुई कोण टोचणार? त्याला पूरच लागतो.

आता धरण काय करतं बघा. पावसाळ्याच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांत येणारं सगळं पाणी अडवतं. चढणीच्या माशांसाठी तो काळ लाखमोलाचा. पहिल्या पावसाचं गढूळ पाणी आलं की मासा ओढ्यात, पाणथळीत, शेतात चढतो. धरणाखाली मात्र आकाशात पाऊस आणि नदीत उन्हाळा. मग ऑगस्ट-सप्टेंबरात धरण भरतं आणि एकदम पूर सुटतो, तोवर मादी अंडी आतल्या आत जिरवून बसलेली असते. आणि मे महिन्यात, जेव्हा नदी सुकायला हवी, तेव्हा शेतीचं आवर्तन. वर्षभराचं पाणी बेरजेत ठीक, महिने सगळे उलटेपालटे.

दुसरी अडचण अंड्यांची. काही माशांची अंडी पाण्याहून किंचितच जड असतात, वाहतं पाणी त्यांना उचलून धरतं. गवत्या (ग्रास कार्प) आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) तसेच. वाहता वाहता पिल्लू बाहेर पडायचं. त्यासाठी वाहत्या नदीची लांब पट्टी लागते. मध्येच दुसऱ्या धरणाचं साचलेलं पाणी आलं की अंडी तळाला बसतात आणि गाळात गुदमरतात. एकापाठोपाठ एक बंधारे झाले की नदी पाण्याने भरलेली दिसते आणि विणीच्या दृष्टीने तुकडे तुकडे झालेली असते.

चीनमध्ये यांगत्सीवर याच माशांसाठी २०११ पासून थ्री गॉर्जेस धरणातून विणीच्या हंगामात मुद्दाम चढता विसर्ग सोडतात. पाणी साधारण १८ अंशांच्या वर गेलं की काही दिवस रोज थोडं थोडं वाढवत नेतात. एवढ्या मोठ्या धरणाला जमतं, तर बाकीच्यांना जमूच नये असं नाही.

काठावरून

आणि समुद्रातून नदीत चढून विणणारा हिलसा? फरक्का बंधाऱ्याआधी तो गंगेत पार प्रयागराजपर्यंत जायचा म्हणतात.

शेवाळ

हो. १९७५ मध्ये फरक्का सुरू झाला आणि वरच्या गंगेतला हिलसा जवळपास संपला. पण ते उदाहरण वाट अडण्याचं आहे, विसर्गाचं कमी. दोन्ही एकात घालू नका. वाट अडली तर वेळापत्रक सुधारूनही उपयोग नसतो, तिथे मासळीची शिडी किंवा तशी वाट लागते, आणि आपल्याकडच्या कित्येक शिड्या माशाचा स्वभाव न बघता बांधलेल्या आहेत.

पाणकावळा

वरच्या थरातलं पाणी सोडा, असं सगळे म्हणताय. त्यातही गोम आहे. ग्लेन कॅन्यनचंच पुढचं सांगतो. दुष्काळात जलाशय उतरत गेला. पाणी घ्यायचं तोंड जागेवरच, पण पृष्ठभाग खाली आल्यामुळे तेच तोंड उबदार थरात आलं. जलाशयातला स्मॉलमाउथ बास हा शिकारी मासा पात्यांतून सहीसलामत खाली उतरला आणि २०२२ मध्ये धरणाखाली विणलेला सापडला. आता चबची पिल्लं तो खाणार. २०२४ च्या उन्हाळ्यात उलट मुद्दाम तळाचं गार पाणी मिसळून नदी थंड ठेवावी लागली. इतकी वर्षं गार पाण्याच्या नावाने ओरड, आणि शेवटी त्याच गार पाण्याचा आधार.

आपल्यालाही यातून घेण्यासारखं आहे. कमी पावसाच्या वर्षी त्याच धरणाखाली त्याच महिन्यात मासा वेगळा का वागतो? कारण तोंड तेच असलं तरी वरचं पाणी किती उरलंय यावर थर बदलतो. विसर्गाबरोबर जलाशयाची पातळीही बघत चला.

सांडवा

पाणकावळा, अगदी बरोबर. आणि गार पाणीसुद्धा साठ्यासारखंच संपतं. कॅलिफोर्नियात शास्ता धरणाला १९९७ मध्ये खोली निवडून पाणी सोडणारी मोठी पोलादी यंत्रणा बसवली, सामनच्या अंड्यांना साधारण साडेतेरा अंशांखाली पाणी मिळावं म्हणून. २०१४ आणि २०१५ च्या दुष्काळात तळाचं गार पाणीच पुरलं नाही. दोन्ही वर्षी हिवाळ्यात नदीत चढणाऱ्या सामनची नव्वद टक्क्यांहून जास्त अंडी आणि पिल्लं गेली. यंत्रणा होती, पण वापरायला थंड पाणी नव्हतं.

प्राणवायूचं मात्र काम सोपं आहे. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्यात १९९१ पासून सोळा धरणांखाली हे हाती घेतलं. कुठे पात्यांत हवा सोडली, कुठे जलाशयाच्या तळाशी नळ्या टाकून प्राणवायू बुडबुडवला, साउथ हॉल्स्टन धरणाखाली तर नुसता वळणावळणाचा बुटका बांध घातला. पाणी त्यावरून पडताना हवा घेतं, आणि वीजगृह बंद असतानाही बांधामागचं पाणी झिरपत राहून नदी कोरडी पडत नाही. दगड-काँक्रीटचं काम, कुणालाही समजेल असं.

उलटा धोकाही सांगून ठेवतो. उंच सांडव्यावरून पाणी खोल कुंडात कोसळलं की हवा दाबाखाली प्रमाणाबाहेर विरघळते. अशा पाण्यात माशाच्या कल्ल्यांत आणि डोळ्यांत बुडबुडे धरतात. अमेरिकेत त्यासाठी ११० टक्क्यांची मर्यादा आहे, १०० टक्के म्हणजे पृष्ठभागावर पाण्यात सहज मावतो तेवढा वायू. मीटरभर खोल गेलं की साधारण दहा टक्क्यांचा भार हलका होतो, म्हणून पुराच्या दिवसांत सांडव्याखालचा शहाणा मासा वर येत नाही.

डोहकरी

नदीत किमान किती पाणी ठेवायचं याचा काही नियम?

सांडवा

नियम आहेत, ते ठोक टक्केवारीचे. १९७६ मध्ये टेनंट नावाच्या अमेरिकी तज्ज्ञाने सरासरी वार्षिक प्रवाहाच्या १० टक्के पाण्यात मासा जेमतेम तगतो, ३० टक्क्यांत बरा जगतो असं मांडलं, आणि जगभरच्या नियमांत ते आकडे झिरपले. आपल्याकडे राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये कोरड्या हंगामातल्या सरासरी प्रवाहाच्या १५ ते २० टक्के किमान ठेवा असं राज्यांना सांगितलं. २०१८ ची गंगेची अधिसूचना जरा शहाणी आहे. वरच्या गंगेत हरिद्वारपर्यंत हिवाळ्यात २० टक्के, ऑक्टोबर, एप्रिल, मेमध्ये २५ आणि पावसाळ्यात ३०, म्हणजे निदान ऋतू तरी मोजला.

पण किमान प्रवाह हा मासा मरू नये इतपतच. तो विणावा असं वाटत असेल तर चढतं पाणी मागायला हवं.

बांधावरचा

मागायचं कुणाकडे? आमचा तर कालवा सल्लागार समितीत निदान आमदारांमार्फत आवाज पोचतो. तुमचा?

सांडवा

त्याच समितीकडे मागा, आणि "माशांसाठी पाणी सोडा" असं लिहू नका. तो कागद पहिल्याच बैठकीत बाजूला पडतो, कारण वाचणाऱ्याला त्यात फक्त साठ्यातली घट दिसते. तीन गोष्टी लिहा. आवर्तन संपवताना दार किती टप्प्यांत आणि किती तासांत बंद करणार, ते ठरवून द्या. पावसाळ्यात पहिला मोठा येवा आला की त्यातला ठरलेला थोडा हिस्सा काही दिवस चढत्या क्रमाने नदीत जाऊ द्या, साठा मागे पडत असेल त्या वर्षी नको. आणि विसर्गाची दैनंदिन माहिती देता तिथे क्यूसेकबरोबर कुठल्या दारातून आणि किती वाजल्यापासून हेही द्या. तिसरी मागणी फुकटातली आहे, ती आधी मान्य होईल. अर्जावर गळवाल्यांच्या सह्या दहा असल्या तरी चालतील, पण नदीकाठच्या उपसावाल्यांच्या आणि जाळंवाल्यांच्या सह्या घ्या.

बांधावरचा

मसुदा टाका इथे. आमच्या उपसावाल्यांच्या सह्या मी बघतो.

खळाळ

चौथी ओळ माझी घाला. भोंगा दार उघडायच्या आधी.